फलाहार (सोलापूर जिल्हा)

फलाहार : जेवणातील धान्याचा वाटा कमी करून मुख्यतः ताज्या व सुक्या फळांवर राहण्याची आहारपद्धती. एकादशीचा फलाहार एका दिवसाचा असतो, आहार म्हणून स्वीकारलेला महिनोन्‌महिने चालतो. दोहोंच्या गरजा निराळ्या आहेत. नवख्याची फसगत बहुधा इथेच होते. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात केळी, खजूर, शेंगदाणे, भगर खाऊन दिवस सहज निभतो, म्हणून वर्षही निभेल असे मानणे चुकीचे आहे.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, मूळचा ज्वारीचा. तरीही फलाहारासाठी याहून सोयीचा मुलूख महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कमी पावसाच्या भागात डाळिंबाने चांगला जम बसवला. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात सुरू झाले, तर २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. बागेला पाण्याचा ताण देऊन शेतकरी आंबे, मृग किंवा हस्त बहार धरतो, त्यामुळे बाजारात डाळिंब जवळजवळ वर्षभर दिसते. उजनी धरणाच्या पाण्यावर करमाळा आणि माढा तालुक्यांत केळी पिकतात. बार्शीकडे सीताफळे आहेत; तिथल्या गोरमाळे गावचे नवनाथ कसपटे यांनी निवडलेले ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण राज्याबाहेरही गेले. पंढरपूर, नान्नज आणि बार्शी परिसरात द्राक्षे होतात. थंडीत बोरे येतात. बोर दुर्लक्षित राहिले याची खंत वाटते, कारण ते स्वस्त असते आणि त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते.

फळांतून पाणी, तंतू, पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व मिळते. प्रथिने मात्र फार थोडी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. १०० ग्रॅम केळ्यात ती जेमतेम १.१ ग्रॅम असतात. नुसत्या केळ्यांवर ही गरज भागवायची तर रोज साडेचार किलो गर खावा लागेल. ब-१२ जीवनसत्त्व फळांत नसतेच. डाळिंबाने रक्त वाढते हा समज घरोघर आहे, पण १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. पंडुरोगावर डाळिंबाच्या भरवशावर राहू नये. भाकरी-पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मात्र पेरू किंवा बोरातील क जीवनसत्त्वाची खरी मदत होते.

महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत मित्र हर्मन कॅलनबाख यांच्यासोबत फलाहाराचा दीर्घ प्रयोग केला. त्यांच्या ताटात केळी, खजूर आणि लिंबांबरोबर कच्चे शेंगदाणे व ऑलिव्ह तेल असे. प्रथिने व स्निग्धांश तिथून येत, ही गोष्ट अनुकरण करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. सोलापूरकराला शेंगदाणे शोधायला लांब जावे लागत नाही. मूठ-दोन मूठ, म्हणजे ५० ग्रॅम दाण्यांतून १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. त्यांना दही-दुधाची जोड दिली की आहार बराच भक्कम होतो.

सुरुवात न्याहारीपासून करावी. एक-दोन आठवडे सकाळी फळे, मूठभर दाणे आणि दही घ्यावे. दुपारची भाकरी, आमटी, भाजी तशीच ठेवावी. पोट सोसू लागले की संध्याकाळचे जेवण बदलावे. एकदम सगळे पालटल्यास तंतू आणि फलशर्करेमुळे पोट फुगते, जुलाब होतात. रसापेक्षा अख्खे फळ बरे, कारण गाळताना बरेचसे तंतू जातात आणि साखर रक्तात लवकर उतरते. द्राक्षांवर फवारणी बरीच होते; ती वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत. आंबट-गोड फळे दिवसभर चघळत राहिल्यास दातांचे आवरण झिजते, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरावी. डाळी आणि भाकरी पूर्ण सोडण्याचे कारण सहसा नसते, आणि दही-दूधही सोडायचे असेल तर ब-१२ वेगळे घ्यावे लागते.

मधुमेहात केळी, सीताफळ, द्राक्षे यांचे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मूत्रपिंडाच्या रोग्यांना फळांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढती मुले यांना केवळ फळांवर ठेवू नये.