दुर्गरचनेतील दूरदृष्टी

संकल्पित कार्यात कोणते संकट संभवते, ते घडण्याची शक्यता कितपत आणि घडल्यास हानी किती, हे प्रश्न आजचा अभियंता कामास आरंभ करण्यापूर्वी विचारतो; आकडे हाती नसले तर तीव्र, मध्यम, सौम्य अशी प्रतवारी लावतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 सालच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात हीच विचारसरणी आढळते.

राजाराम महाराज जिंजीस असता पंतांनी हुकूमतपन्हा या नात्याने स्वराज्य सांभाळले. मोगलांच्या वेढ्यात किल्ला कशाने टिकतो व कशाने पडतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते आधी पाणी पाहावयास सांगतात. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे मंदावतात आणि युद्धप्रसंगी पाण्याचा खर्च वाढतो. यास्तव टाकी खोदावी. शेजारी उंच स्थळ असल्यास ते सुरुंगाने उडवावे. ते न साधल्यास तटबंदीत घ्यावे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. दरवाजा एकच असणे हाही दोषच.

सर्वस्वी निर्दोष जागा मात्र क्वचितच लाभते. भद्रावतीच्या दक्षिणेकडील चांद्याचा कोट इरई व झरपट यांच्या संगमाजवळ वसलेला. पाणी जवळ, दरवाजे चार. परंतु डोंगरी किल्ल्याची दुर्गमता त्यास नव्हती. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी तटास खिंडार पाडले आणि चांदा पडला. एक दोष टळला तरी दुसरा उरतो. तो आधी ओळखून त्याचा तोल करणे, हेच दुर्गप्रकरणाचे सार होय.