टेकडी हिरवी करायची की टेकडीच ठेवायची?

पुण्यात सकाळी सहाला कुणी बूट चढवून, हातात पाण्याची मोठी बाटली घेऊन निघालं की ‘कुठे?’ असं विचारावं लागत नाही. टेकडीवर. बाटलीतलं पाणी बहुतेकदा स्वतःला प्यायला नसतंच, वर लावलेल्या एखाद्या रोपासाठी असतं. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव, बाणेर-पाषाण, सगळीकडे हे वर्षानुवर्षं चालू आहे. पगार नाही, हजेरी नाही. पण या राखणदारीचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. टेकडीवर प्रेम करणाऱ्यांनीच ती एकदा बदलून टाकली, आणि आज त्यांचेच वारसदार ती पुन्हा समजून घेतायत.

आधी तिथे काय होतं?

‘पूर्वी टेकड्या उजाड होत्या’ हे वाक्य तुम्ही घरात ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे.

पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या. वर मातीचा थर पातळ. अशा जागी दाट जंगल सहसा होत नाही, गवताळ माळ होतो. घळीत, उतारावर सालई, मेडशिंगी, पळस, खैर अशी विखुरलेली झाडं आणि बाकी सगळं गवत. आषाढात हिरवं, दिवाळीला सोनेरी आणि फाल्गुनात जवळजवळ काहीच नाही. पण ‘काहीच नाही’ हे आपल्या डोळ्यांना. मातीखाली कंद झोपलेले असतात, पहिल्या पावसात फुलतात. चंडोल आणि तित्तर जमिनीवरच घरटी करतात. त्यांना झाडी नको असते, मोकळं रान हवं असतं.

इंग्रजी सरकारला मात्र ज्या जमिनीतून लाकूड किंवा सारा मिळत नाही, ती पडीक वाटायची. 1878च्या वन कायद्याने जंगलं राखीव करण्याची यंत्रणा उभी राहिली, आणि जंगल म्हणजे झाडं, ही समजूत पक्की झाली. वेताळ टेकडीवरच्या राखीव वनाला आजही भांबुर्डा हे नाव आहे. भांबुर्डा म्हणजे आजच्या शिवाजीनगरचं जुनं गाव.

लोकांसाठी टेकडी ही नुसती जमीन नव्हती. 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी फर्ग्युसन कॉलेजमागच्या टेकडीवर शपथ घेतली आणि ‘भारत सेवक समाज’ स्थापन केला. देशसेवेची सुरुवात करायला त्यांना सभागृह नाही, टेकडी योग्य वाटली. माधव गाडगीळांचं लहानपणही वेताळ टेकडीच्या परिसरात गेलं. वडील धनंजयराव यांच्याबरोबर ते पक्षी बघायला शिकले, आणि पुढे देशातल्या मोठ्या पर्यावरणशास्त्रज्ञांपैकी एक झाले.

झाडं लावण्याचा काळ

1970-80च्या दशकांत शहर टेकड्यांच्या पायथ्याशी येऊन भिडलं. उतारांवरची माती वाहून जात होती, चराई होती, दगडाच्या खाणी होत्या. वन खात्याने वनीकरण हाती घेतलं. त्यात सगळ्यात जास्त गाजलेलं झाड म्हणजे गिरिपुष्प, अर्थात ग्लिरिसिडिया.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोच्या बागांना सावली म्हणून ते लावायचे, म्हणून त्याचं एक स्पॅनिश नाव ‘कोकोची आई’. दुसरं नाव ‘उंदीरमार’, कारण त्याच्या बिया आणि साल उंदरांना विषारी. पुण्यात ते निवडलं गेलं त्याचं कारण सोपं होतं. कमी पाण्यात जगतं, भराभर वाढतं, आणि बकऱ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत. कुंपण आणि पाणी दोन्ही नसलेल्या जागेसाठी हे वरदानच.

ते इतकं जगलं, की आता काही उतारांवर दुसरं काही दिसत नाही. थंडी सरताना फिकट गुलाबी फुलं येतात तेव्हा टेकडी फोटोत सुंदर दिसते. पण त्या दाट गर्दीखाली गवत नीट वाढत नाही. गवत गेलं की गवतावर जगणारे कीटक आणि पक्षीही पांगतात. रोपं लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. हिरवा रंग वाढला की टेकडी बरी झाली, असं त्या काळी सगळ्यांनाच वाटत होतं.

राखण्याचा काळ

मग धोका शेळ्यांकडून बांधकामाकडे सरकला. 1997मध्ये पुणे महापालिकेत 23 गावं आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या टेकड्याही. तिथल्या सुमारे 978 हेक्टरांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे ‘बीडीपी’चं आरक्षण टाकावं यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्या पुढाकाराने ‘ग्रीन पुणे मूव्हमेंट’ उभी राहिली. 2015मध्ये राज्य सरकारने आरक्षणाला मंजुरी दिली. पण यातली बरीच जमीन खासगी आहे, आणि मोबदल्याचा प्रश्न रेंगाळत राहिला. कागदावर वाचलेली टेकडी प्रत्यक्षात वाचतेच असं नाही.

बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि वेताळ टेकडीखालचे प्रस्तावित बोगदे यांच्याविरुद्ध एप्रिल 2023मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. वाहतूककोंडी खरी आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. वाद इतकाच होता, की किंमत टेकडीनेच का मोजायची? टेकडीवर मुरणारं पाऊसपाणी कातळाच्या भेगांतून खालच्या वस्त्यांच्या विहिरी-बोअरपर्यंत जातं, हा मुद्दाही तेव्हा घरोघरी पोचला.

आता काय?

वारज्यात वन खात्याच्या जमिनीवर संस्था आणि नागरिकांनी मिळून शहरी वन उभं केलं. 5 जून 2020 रोजी केंद्राने देशभरात 200 नगर वनं करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा त्याचंच उदाहरण दिलं गेलं. पुण्यासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे. पण इथेच जुना प्रश्न परत येतो: प्रत्येक मोकळ्या उताराला वनच करायचं का?

अडचण कायद्यातही आहे. शहरातलं झाड तोडायला 1975च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण माळावरच्या गवतासाठी तसा वेगळा कायदा नाही. शिवाय रोप लावताना फोटो निघतो. गवत तसंच राहू दिलं, तर त्याचा फोटो कोण काढणार?

म्हणून आजच्या स्वयंसेवकांचं सगळ्यात मोलाचं काम फारसं दिसत नाही. फेब्रुवारीपासून गवत वाळलं की वणव्यांवर लक्ष ठेवायचं, जाळरेषा काढायला वन खात्याला हात लावायचा. प्लास्टिक आणि काचा वेचायच्या. जिथे माती वाहते तिथे छोटे दगडी बांध घालायचे. झाड लावायचंच असेल तर इथलंच लावायचं, घळीत लावायचं, आणि निदान तीन उन्हाळे सांभाळायचं. आणि चंडोल जिथे घरटं करतो त्या माळावर खड्डा खणायचाच नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड आहे. सेवा म्हणजे काहीतरी करणं, अशीच आपली सवय. पण पुण्याच्या टेकड्यांचा गेल्या 50 वर्षांचा हिशोब मांडला तर दिसतं, की माणसांनी वेळ, घाम, पाणी सगळं दिलं. टेकडीला मुळात काय हवंय हे विचारायचं तेवढं राहून गेलं. पुढच्या रविवारी कुणी तुम्हाला वृक्षारोपणाला बोलावलं तर जरूर जा. फक्त कुदळ मारण्याआधी एकदा विचारा: इथे आधी काय होतं?