वाँटेजला आलेल्या तिघी

इंग्लंडला ऑनसाइट आलेल्या मराठी जोडप्याचे वीकेंड साधारण ठरलेले असतात. लंडन, स्टोनहेंज, ऑक्सफर्ड, जमलं तर स्कॉटलंड, आणि उरलेले शनिवार इंडियन स्टोअरमध्ये. त्यात डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, म्हणजे घराबाहेर पडायचाच कंटाळा. तरीही अशाच एका थंडगार शनिवारी आम्ही दोघं एका रात्रीच्या मुक्कामाला वाँटेजला जाऊन आलो. "तिथे आहे काय?" हा प्रश्न ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारला. (त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आमच्या नांदगावला कोणी मुद्दाम मुक्कामाला आलं तर आम्हीही हेच विचारू!)

वाँटेज म्हणजे ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला पंधराएक मैलांवरचं बाजाराचं गाव. चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. हा राजा इथे 849 साली जन्मला असं मानतात. पुतळा मात्र 1877 चा. आता गावाला रेल्वे नाही, डिडकॉटला उतरून बस धरावी लागते. पूर्वी 'वाँटेज रोड' नावाचं स्टेशन होतं, तेही गावापासून अडीच मैल लांब. तेवढ्यासाठी 1875 साली स्टेशन ते गाव अशी ट्राम टाकली आणि पुढच्याच वर्षी तिला वाफेचं इंजिन जोडलं. नांदगावसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. आमचं स्टेशन निदान गावात तरी आहे!

पण आम्ही गेलो होतो ते ना आल्फ्रेडसाठी, ना ट्रामसाठी. आम्ही गेलो ते 1883 च्या मे महिन्यात इथे येऊन पोचलेल्या तिघींसाठी. एक पंचवीस वर्षांची विधवा, पंडिता रमाबाई. दुसरी तिची दोन वर्षांची मुलगी मनोरमा. आणि तिसरी तिची मैत्रीण, आनंदीबाई भगत.

रमाबाई इथे आल्या कशा? वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन या नावाचा जोगिणींचा मठ होता, 1848 साली स्थापन झालेला. त्याच मठाच्या सिस्टर्स 1877 पासून पुण्यात काम करत होत्या. रमाबाई 1882 साली पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या असं सांगितलं, आणि मग स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं. प्रवासाचे पैसे 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले. आणि वाँटेजमध्ये फुकट राहायचं नाही, हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात इंग्रजी शिकायचं, असा चोख व्यवहार होता. ऐकायला कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचा बेत मात्र इथे आल्यावर बारगळला.

पुढचं सगळं त्याच वर्षात घडलं. आपल्याला जबरदस्तीने बाटवणार या भीतीने आनंदीबाईंचं मन ढासळलं. त्या भरात त्यांनी रमाबाईंचा जीव घ्यायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःचा जीव दिला. रमाबाईंना याचा इतका धक्का बसला की पुढे त्या ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी राहिल्या, तेव्हा रात्री त्यांच्या खोलीत मोलकरणीला झोपवावं लागे. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याकडे गोष्ट बहुतेक इथेच संपते. "बाटली", विषय बंद. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा तेच केलं. जोतीराव फुल्यांसारखे 1885 च्या 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेणारे विरळाच. पण माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते ती बाप्तिस्म्यानंतर. कारण धर्म घेतला म्हणून डोकं गहाण ठेवायला या बाई तयार नव्हत्या.

सिस्टर जेराल्डिनना त्या पत्रात 'आजीबाई' म्हणत (हो, चक्क मराठीत!) आणि त्याच पत्रात त्यांच्याशी कडाडून वाद घालत. येशूला देव का मानायचं, त्रैक्य म्हणजे नक्की काय, हे पटल्याशिवाय मान डोलवणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला? ती ना मला कळतात ना माझ्या देशबांधवांना, संस्कृत हवीत. अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाही. सिस्टर्सना यात जातीचा गर्व दिसे. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि शिकवायला गेल्या. तिथे त्यांनी पुरुषांना शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी तेही मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. मायदेशात पुरुषांच्या भरल्या सभांत बोललेली बाई ती!

हा सगळा पत्रव्यवहार जेराल्डिनबाईंनी जपून ठेवला आणि 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला. जरूर वाचा. एक लक्षात घ्या, ही पत्रं लिहिताना बाईंच्या हातात पैसा नाही, नवरा गेलेला, आईवडील दुष्काळात गेलेले, मैत्रीण अशी गेलेली, आणि लेक याच लोकांच्या सांभाळात. आम्हाला क्लायंटला "ही डेडलाइन जमणार नाही" एवढं लिहायला तीन ड्राफ्ट लागतात.

रविवारी सकाळी मठाची इमारत आम्ही बाहेरूनच पाहिली. करड्या आभाळाखाली लांबच लांब भिंत. बायको म्हणाली, "अरे, आपण दोघं आहोत तरी इथे एकटं वाटतंय. त्या बिचारीशी मराठीत बोलायला किती जणी होत्या?" खरंच, किती असतील? लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई. त्यातली एक गेली.

फेब्रुवारी 1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर होताना पाहायला. 11 मार्चला तो समारंभ झाला. बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 1889 ला, मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढचं पुणे आणि केडगाव बऱ्याच जणांना माहीत असतं. या आनंदीबाईंवर आपल्याकडे कादंबरी आली, 2019 साली चित्रपटही आला, आणि ते योग्यच झालं. त्या दुसऱ्या आनंदीबाई मात्र रमाबाईंच्या चरित्रात चार ओळींपुरत्या येतात. त्याही तेवढाच समुद्र ओलांडून आल्या होत्या. वाँटेजला कधी गेलात तर आल्फ्रेडचा फोटो काढाच, पण त्यांचंही नाव एकदा घ्या.