खिडकीतून दिसलेल्या मुली

आपल्याकडे सहज म्हटले जाते, 'मुलींत फुटबॉल कुठे असतो? आणि मुस्लीम मुलींत तर मुळीच नाही.' या वाक्याचे उत्तर इतिहासात शोधायला हवे.

सुरुवात इंग्लंडमधल्या प्रेस्टनपासून करू. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि 'डिक, कर' या कारखान्यात दारूगोळा बनवायला बायका-मुली आल्या. जेवणाच्या सुटीत त्या आवारात चेंडू खेळत. कचेरीच्या खिडकीतून आल्फ्रेड फ्रँकलंड नावाचा कर्मचारी ते पाहत असे. यांचा संघ होऊ शकतो, हे त्याला पटले आणि तो कामाला लागला. १९१७ च्या नाताळात त्यांचा सामना पाहायला सुमारे दहा हजार लोक आले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार! याच संघात लिली पार ही सेंट हेलेन्सची कामगार वस्तीतली मुलगी पोरवयातच दाखल झाली. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याची ख्याती दूरवर पसरली.

मग ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. मुली खेळत राहिल्या, पण मोठे मैदान गेले. त्याबरोबर प्रेक्षक गेले, पैसा गेला, प्रशिक्षक गेले. गुणी मुलगी हेरायला कोणी येईनासे झाले. लिली पारला इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयाच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले २००२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी.

ही गोष्ट इंग्लंडची आहे, ख्रिस्ती समाजाची आहे. 'स्त्रियांना शोभत नाही' हा युक्तिवाद एकट्या मुसलमानांच्या घरात जन्मलेला नाही, एवढे तरी यातून दिसावे.

आपल्या बाजूला दार दोन्हीकडून बंद होते. घरचे म्हणत, मैदानावर जाऊ नकोस. आणि जी हिजाब घालून मैदानापर्यंत पोहोचली, तिला नियम म्हणे, आत येऊ नकोस. जून २०११ मध्ये अम्मानला इराणच्या मुली ऑलिम्पिक पात्रता सामन्यासाठी जॉर्डनसमोर उभ्या होत्या. डोक्यावरच्या कापडावरून सामना होऊ दिला गेला नाही आणि त्यांची ऑलिम्पिकची वाट तिथेच संपली. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी हा प्रश्न लावून धरला. २०१२ पासून चाचणी म्हणून परवानगी मिळाली आणि मार्च २०१४ मध्ये नियमच बदलला.

त्याचे फळ २०२३ च्या विश्वचषकात दिसले. मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून दक्षिण कोरियाविरुद्ध उतरली. महिलांच्या विश्वचषकात असे प्रथमच घडत होते. मोरोक्कोने तो सामना १-० ने जिंकला, पुढे कोलंबियालाही हरवले आणि पहिल्याच प्रयत्नात शेवटच्या सोळांत मजल मारली.

यात चमत्कार नव्हता. तिथल्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये महिलांची लीग व्यावसायिक पायावर आणायला घेतली. युरोपात वाढलेल्या मोरोक्कन घरांतल्या मुलीही शोधून संघात आणल्या. २०२२ मध्ये रबातला नायजेरियाविरुद्धच्या उपांत्य सामन्याला ४५ हजारांहून अधिक लोक जमले. कर्णधार गिझलान शबाक हिचे वालिद लार्बी शबाक हे १९७६ च्या आफ्रिका विजेत्या संघातले. घरातून पाठबळ, क्लबची तालीम आणि महिन्याचा पगार अशी तिन्ही कडी जुळली.

नादिया नदीमची कहाणी वेगळी. तालिबानने वडिलांना मारले, आई मुलींना घेऊन डेन्मार्कला पोहोचली. निर्वासितांच्या छावणीजवळ मुलींना फुटबॉल खेळताना तिने पाहिले. पुढे ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघात गेली, डॉक्टरही झाली. छावणीशेजारी ते मैदान नसते तर?

मी उर्दू आणि मराठी शिकवते. पाचवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात. आठवीत त्याच मुली खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसलेल्या दिसतात. तीन वर्षांत पायांतला वेग जात नाही. जातो तो हक्काचा तास, बाई प्रशिक्षक आणि अब्बांचा होकार.

हे मिळू शकते. मुंब्र्यात 'परचम'च्या मुलींनी फुटबॉल हातात घेतला आणि मैदानाची मागणी केली. त्यासाठी युरोपात जावे लागले नाही. आपल्या शाळांनी आठवड्यातून दोन तास मैदान फक्त मुलींसाठी ठेवावे, अम्मी-अब्बांना सामना पाहायला बोलवावे. आपली मुलगी गोल करताना एकदा पाहिली की पुढचे बोलणे सोपे होते.