इंद्रायणींतील दोन विसर्जनें

आसक्ति सोडावी, अहंकार टाकावा, असें सांगणें सोपें. परंतु तीं कोठें दडून बसतात हें ओळखणें कठीण. देहूच्या तुकोबांच्या चरित्रांतील इंद्रायणीचे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवले, म्हणजे ही ओळख थोडी सुलभ होते.

तुकोबांचें घराणें मोऱ्यांचें. गांवची महाजनकी, वाण्याचा धंदा आणि सावकारी असें तें नांदतें घर होतें. १६३० सालीं पर्जन्यानें दगा दिला आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्यांत पत्नी रखमाबाई अन्नावांचून गेली, पुत्र गेला, व्यापार बुडाला. पुढें वडिलार्जित कर्जखतें हातीं राहिलीं. १७७४ सालीं पूर्ण झालेल्या ‘भक्तलीलामृतां’त महीपति सांगतो, कीं धाकट्या कान्होबाचा अर्धा वांटा त्यास देऊन तुकोबांनीं केवळ आपला वांटा इंद्रायणींत सोडला. ही मर्यादा लक्षांत घेण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या हक्काचा परस्पर त्याग करणें हाहि अहंकारच होय. शिवाय त्या कागदांनीं ऋणको जसे बांधले होते, तसा धनकोहि बांधला होता. डोहांत दोघांचेंहि बंधन बुडालें.

दुसरें विसर्जन मात्र लादलेलें होतें. शूद्रानें वेदार्थ सांगूं नये, अशा आक्षेपावरून वाघोलीच्या रामेश्वरभटांनीं अभंगांच्या वह्या बुडविण्यास सांगितलें. तो अन्यायच होता. वैराग्याचें नांव देऊन तो झांकतां येणार नाहीं. परंपरा म्हणते, कीं तुकोबा तेरा दिवस निरन्न बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. हा चमत्कार इतिहासाच्या कसोटीला लागत नाहीं. परंतु एक प्रश्न उरतोच. धनाकडे वळूनहि न पाहणारा पुरुष शब्दांसाठीं कां बसून राहिला? ही आसक्ति नव्हे काय?

उत्तर त्या दोन कागदांच्या गुणांतच आहे. कर्जखत लोकांना बांधणारें. अभंग त्यांना सोडविणारे. जें आपल्यापुरतें, तें सोडतां येतें. जें लोकांचें झालें, त्यावर आपली मालकी नसल्यानें तें सोडण्याचा अधिकारहि आपणांस उरत नाहीं.

त्या डोहांत खरा अहंकार बुडाला तो पंडिताचा. रामेश्वरभट पुढें तुकोबांचे अनुयायी झाले. मुंबई सरकारच्या साह्यानें गाथेचा पहिला भाग १८६९ सालीं छापून निघाला. कर्जखतें मात्र पुन्हा वर आलीं नाहींत. त्यांची वाट पाहत कोणी कांठावर बसलेंहि नव्हतें.