लोकांता, कोनोबा आणि आपलं हॉटेल

'क्रूझ' या शब्दाच्या मुळाशी क्रूस आहे. सतराव्या शतकातले डच दर्यावर्दी समुद्रात आडवंतिडवं फिरण्याला, एकच पट्टा पुन्हा पुन्हा छेदत जाण्याला जो शब्द वापरत, तो त्यांच्या क्रूसवाचक शब्दापासून बनला होता. शत्रूचं गलबत दिसतंय का हे पाहत लढाऊ जहाजं अशी फिरत. आज तोच शब्द सुट्टीला चिकटला आहे. पण आडवंतिडवं फिरणं मात्र कायम आहे: सकाळी एक बंदर, संध्याकाळी नांगर वर, दुसऱ्या दिवशी दुसरा देश. मध्ये हातात येतात पाच-सहा तास. त्यात गाव बघायचं, आणि निदान एकदा तरी त्या गावातल्या माणसांसारखं जेवायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे असं माझं ठाम मत आहे. किल्ले आणि चर्चं नकाशावर असतात. चांगलं जेवण बहुधा गल्लीत असतं, आणि ते ओळखायला त्या गावाचा शब्द माहीत असावा लागतो.

जहाजावरून उतरल्यावर पहिली पाटी दिसते ती 'रेस्टॉरंट'ची. ट्रिएस्टपासून इस्तंबूलपर्यंत ही पाटी सगळीकडे आहे, म्हणून ती काहीच सांगत नाही. खरं तर तिचा जन्म फार अर्थपूर्ण आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये 'रेस्तोराँ' म्हणजे मांस आटवून केलेला दाट, पौष्टिक रस्सा. फ्रेंच 'रेस्तोरे' म्हणजे पूर्ववत करणं, गेलेली ताकद परत आणणं. हा रस्सा जिथे मिळे त्या जागेला हळूहळू तेच नाव पडलं आणि 1789 च्या क्रांतीनंतर अशा जागा वाढत गेल्या. आरोग्य देणारं खाणं आणि म्हणून आरोग्याच्या नावाची खाण्याची जागा, ही जोडी मराठी माणसाला नवी वाटू नये. दादरचं 'तांबे आरोग्य भुवन' किंवा गिरगावातलं मिसळीसाठी नावाजलेलं 'विनय हेल्थ होम', ही नावं ठेवणाऱ्यांच्या मनात तोच विचार असला पाहिजे: घराबाहेर खाल्लं तरी प्रकृतीला बाधणार नाही, उलट मानवेल. फरक इतकाच की पॅरिसचा शब्द जगभर फिरून गुळगुळीत झाला आणि आपली आरोग्य भुवनं आपल्या गल्लीत आपला अर्थ सांभाळून राहिली.

पंचवीस हजार टनांहून मोठ्या जहाजांना 1 ऑगस्ट 2021 पासून व्हेनिसच्या मुख्य जलमार्गावर बंदी आहे. त्यामुळे पूर्व भूमध्यातल्या अनेक सहली आता ट्रिएस्टहून सुरू होतात आणि व्हेनिस त्यात जमिनीवरून जोडलं जातं. ट्रिएस्टला धक्का शहराच्या मुख्य चौकालगतच आहे. तिथे उतरलेल्या माणसाने 'बुफे' हा शब्द नव्याने शिकायला हवा. जहाजावर बुफे म्हणजे शंभर भांडी आणि त्यांच्यापुढची रांग. ट्रिएस्टमध्ये बुफे म्हणजे छोटंसं दुकान: आत उकळत्या पाण्याची मोठी कढई, तिच्यात डुकराच्या मांसाचे निरनिराळे भाग आणि सॉसेज, सोबत आंबवलेला कोबी, मोहरी आणि किसलेला तिखट हॉर्सरॅडिश. हे शहर 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं मुख्य बंदर होतं. कचेरीतल्या आणि गोदीतल्या माणसाला सकाळी दहा-अकराला उभ्या उभ्या गरम काही हवं असे, त्यातून ही दुकानं झाली. 'बुफे दा पेपी' तर 1897 पासून चालू आहे. पूर्वीच्या साम्राज्याची चव एखाद्या संग्रहालयापेक्षा इथे लवकर कळते.

व्हेनिसला 'ऑस्टेरिया' भेटते. तिच्यात 'ओस्ते' आहे, म्हणजे खानावळीचा मालक, आणि त्याच्यामागे लॅटिन 'होस्पेस' आहे. होस्पेस हा विलक्षण शब्द आहे. त्याचा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही, कारण आज ज्याच्या घरी आपण उतरलो तो उद्या आपल्या घरी उतरणार हे त्यात गृहीत आहे. या शब्दाच्या शेवटच्या भागात भाषाशास्त्रज्ञांना धनी या अर्थाचा जो जुना घटक दिसतो, तोच संस्कृतातल्या 'पति'मध्ये आहे. हॉस्पिटल, होस्टेल, हॉटेल ही सगळी त्याच घरातली भावंडं. 'ट्राटोरिया'ची कथा त्यामानाने साधी आहे. फ्रेंच 'त्रेतर' म्हणजे जेवण पुरवणारा, त्यावरून इटालियन 'त्रात्तोरे' आणि त्याची जागा ती ट्राटोरिया. व्हेनिसमध्ये थोड्या वेळात खायचं असेल तर मात्र या दोन्हींपेक्षा 'बाकारो' गाठावा. रिआल्टोच्या मासळीबाजाराभोवतीच्या गल्ल्यांत हे छोटे अड्डे आहेत. बाजाराची माणसं पहाटे उठतात म्हणून हेही लवकर उघडतात. वाइनच्या लहानशा पेल्याला तिथे 'ओम्ब्रा' म्हणतात, म्हणजे सावली. सान मार्कोच्या घंटाघराची सावली सरकेल तसे वाइनवाले आपली गाडी सरकवत, म्हणून हे नाव, असं व्हेनिसची माणसं सांगतात. पेल्याबरोबर पावाच्या तुकड्यावर वाळवलेला कॉड घ्यावा, तेलात लोण्यासारखा घोटलेला. हा मासा एड्रियाटिकचा नव्हेच. पिएत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज भरकटलं आणि 1432 मध्ये तो नॉर्वेच्या लोफोटेन बेटांतल्या रोस्टला लागला. तिथल्या कोळ्यांनी त्याला जगवलं, आणि वाऱ्यावर सुकवलेल्या त्या माशाची ओळख घेऊन तो परतला.

डुब्रोव्हनिकला जहाज ग्रूझच्या बंदरात लागतं. जुनं शहर तिथून साधारण तीन किलोमीटर आहे. बहुतेक प्रवासी उतरल्या उतरल्या बस धरतात आणि ग्रूझचा सकाळचा भाजी-मासळीचा बाजार त्यांच्या पाठीमागे राहून जातो. या किनाऱ्याचा शब्द आहे 'कोनोबा'. लॅटिन 'कानाबा' म्हणजे झोपडी, पडवी, वाइन साठवायची खोली. रोमन छावणीशेजारी व्यापाऱ्यांची जी वस्ती उभी राही तिलाही याच शब्दाचं अनेकवचन लावत. डाल्मेशियात, म्हणजे याच किनाऱ्यावर, घराच्या तळमजल्यावरची गार, अंधारी खोली म्हणजे कोनोबा: तिथे वाइनची पिंपं, तेल, खारवलेले मासे आणि जाळी ठेवलेली असत. पाहुणा आला की तिथेच बसवायचा, पिंपातली वाइन काढायची, चीज आणि सुकवलेलं मांस कापायचं. कोकणातल्या ओटीवर किंवा पडवीत पाहुणा बसवावा तसं. जेवणाची जागा हा तिचा अर्थ नंतर आला. आज चकचकीत जागाही कोनोबाची पाटी लावतात, त्यामुळे निव्वळ पाटीवर विसंबता येत नाही. पण शब्दाचा मूळ अर्थ माहीत असला की काय विचारायचं ते कळतं: वाइन घरची आहे का, तेल कुठलं, आज मासा कोणता आला. जिथे या प्रश्नांना पटकन आणि आनंदाने उत्तरं मिळतात तिथे बसावं.

आणि एक गोष्ट आधीच ठरवावी. 'पेका' म्हणजे घंटेच्या आकाराचं लोखंडी झाकण. खाली ऑक्टोपस किंवा कोकराचं मांस बटाट्यांसह ठेवतात, वर हे झाकण आणि झाकणावर निखारे. पदार्थालाही तेच नाव. याला दोन-तीन तास लागतात, म्हणून तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. बंदरावर सहा तास असलेल्या माणसाने बाराला जाऊन पेका मागितला तर चांगली कोनोबा नाही म्हणेल, आणि लगेच आणून देणाऱ्या जागेबद्दल शंका घ्यावी.

ग्रीसमधली 'टॅव्हर्ना' गोव्याला माहीत आहे. लॅटिन 'ताबेर्ना' म्हणजे दुकान, खोपट. तिथून तो ग्रीकांकडे गेला आणि पोर्तुगीजांकडेही. पोर्तुगीजांनी तो मांडवीच्या काठी आणला, आणि फेणी मिळणारी गोव्यातली जुनी ताव्हेर्न ही अथेन्सच्या पिरिअस बंदरातल्या टॅव्हर्नाची नात्यातलीच ठरली. पण पिरिअसला उतरून मेट्रोने मोनास्तिराकीला गेलेल्या माणसाने मी म्हणेन 'मागिरिओ', म्हणजे शिजवलेल्या जेवणाची साधी खानावळ, शोधावं. अथेन्सच्या वार्वाकिओस मंडईत, मटणाच्या आणि मासळीच्या गाळ्यांच्या मधोमध अशी जागा सापडते. प्राचीन ग्रीसमध्ये 'मागिरोस' हा बळीचा पशू मारणारा, मांस कापून वाटे करणारा आणि शिजवणारा असा एकच माणूस होता. यज्ञ, खाटीकखाना आणि स्वयंपाक एका शब्दात होते. पुढे त्यातला फक्त स्वयंपाकी उरला, तरी मंडईतलं मागिरिओ अजून खाटकाच्या शेजारीच आहे. तिथे मेनूकार्डापेक्षा पातेल्यांकडे बघायचं असतं: तेलात शिजवलेल्या फरसबी, चणे, कोकराचं मांस, लिंबू-अंड्याच्या रश्शातला कोथळा. शाकाहारी मराठी माणसाला तर हा शब्द फार उपयोगी आहे. ग्रीक चर्चच्या उपासाच्या दिवसांमुळे तेलातल्या भाज्या आणि कडधान्यं यांची तिथे मोठी परंपरा आहे, आणि त्या चकचकीत रेस्टॉरंटपेक्षा इथेच चांगल्या मिळतात.

इस्तंबूलमध्ये मात्र मराठी माणूस पाट्या वाचत घरी आल्यासारखा चालू शकतो. इस्पितळ ते 'हास्ताने'. औषधांचं दुकान ते 'एज्झाने'. मद्य मिळतं ते 'मेयहाने'. शेवटचा 'हाने' म्हणजे फारसी 'खाना', घर, जागा. आपला दवाखाना, कारखाना, तोफखाना त्याच साच्यातले. स्वयंपाकघराला तुर्क 'मुतफाक' म्हणतात, अरबी 'मतबख'वरून. हा शब्द मराठीत नाही असं कुणाला वाटेल, पण शिवकाळातल्या अठरा कारखान्यांची यादी काढून बघावी. त्यात मुदबकखाना आहे. तोच पुढे मुदपाकखाना झाला, आणि 'पाक' हा संस्कृत शब्द कानाला ओळखीचा असल्याने तो इथलाच वाटू लागला. मग 'मेझे'. वांग्याचं भरीत, दही, शेंगा, खारवलेला मासा असे छोटे छोटे पदार्थ मेयहानेत मांडले जातात, ते मेझे. फारसीत 'मझे' म्हणजे चव. तोच शब्द ग्रीसमध्ये 'मेझेस' झाला आणि दख्खनमध्ये 'मजा'. तुर्कांनी आणि ग्रीकांनी चव ताटलीत ठेवली, आपण ती ताटलीतून उचलून सगळ्या आयुष्याला लावली. मला मराठीचा हा विस्तार फार आवडतो. जेवायला मजा आली असं आपण म्हणतो तेव्हा तो शब्द क्षणभर माहेरी गेलेला असतो.

पण मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं तो शब्द 'लोकांता'. तुर्कीत रोजच्या जेवणाची जागा ती लोकांता. शब्द इटालियन, 'लोकांदा', म्हणजे उतरायची जागा, सराई. त्याच्यामागे लॅटिन क्रियापद आहे 'भाड्याने देणं'. म्हणजे मुळात ही भाड्याची खोली. व्हेनिस आणि जेनोवाचे व्यापारी, खलाशी इस्तंबूलच्या गलाता भागात उतरत. उतरायच्या जागेत जेवणही असे. पुढे तुर्कीत खोल्या गळाल्या आणि जेवण तेवढं राहिलं. हे वाचताना मला आपलं 'हॉटेल' आठवतं. जगभर हॉटेल म्हणजे राहण्याची जागा. महाराष्ट्रात मात्र हॉटेलात जाणं म्हणजे खायला जाणं, आणि हमरस्त्यावर 'हॉटेल'ची पाटी लावलेल्या कितीतरी जागांत एकही खोली नसते. इंग्रजी शिकलेले लोक याला चूक म्हणतात. मी म्हणत नाही. परक्या गावी उतरलेल्या माणसाची पहिली गरज भूक असते. इस्तंबूलच्या कारागिरांनी आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनी, एकमेकांना न विचारता, परक्या भाषेतल्या शब्दाचा तोच भाग ठेवून घेतला.

लोकांतांमध्ये 'एस्नाफ लोकांतासी' बघावी. 'एस्नाफ' म्हणजे दुकानदार, कारागीर, मुळात अरबी 'सिन्फ'चं, वर्गाचं किंवा धंद्याच्या संघाचं, अनेकवचन. सुतार, सोनार, कापडवाले जिथे दुपारी जेवतात ती ही जागा. तिचा पत्ता विचारायचा तर आणखी एक शब्द लागतो, 'चारशी', म्हणजे बाजार. फारसी 'चहार-सू', चार दिशा, आणि तो 'चहार' आपल्या चारचाच भाऊ. आपल्याकडे चव्हाटा आहे तसं.

हे सगळं शिकायला पुस्तक लागत नाही, जहाजावरची माणसं पुरेत. अशा जहाजांवर गोव्याची बरीच माणसं काम करतात. गोव्यात त्यांना 'तारवटी' म्हणतात, तारवावर जाणारे. जुन्या आगबोटींवरच्या हिंदी खलाशांच्या बोलीत स्वयंपाक्याला 'भंडारी' म्हणत, म्हणजे कोठाराच्या किल्ल्या ज्याच्याकडे तो. वर्षानुवर्षं त्याच बंदरांवर उतरणाऱ्या या माणसांना मोजक्या सुट्टीत, मोजक्या पैशांत कुठे पोटभर मिळतं हे पक्कं माहीत असतं. कोकणीत किंवा मराठीत विचारलं तर ते मनापासून सांगतात.

इस्तंबूलला गलातापोर्टच्या धक्क्यावरून काराकोयच्या गल्ल्या चालत गाठता येतात. एस्नाफ लोकांतेत पातेली सकाळी भरतात, काचेमागे मांडलेली असतात, बोट दाखवून मागायचं. शिजवलेलं संपलं की बंद. म्हणून जुनी मशीद आधी की जेवण आधी असा प्रश्न पडला तर जेवण आधी ठेवावं, आणि बाराच्या सुमारास तिथे असावं. दोननंतर बरीचशी पातेली रिकामी झालेली असतात.