बर्फावरची लैला



आज जिची गोष्ट सांगणार आहोत तिचं नाव लैला. नाव ऐकून कुणाला आपल्याकडचीच कुणी वाटेल, पण ही लैला नॉर्वेची. पूर्ण नाव लैला स्काउ निल्सेन. जन्म १८ मार्च १९१९, गाव ओस्लो, म्हणजे नॉर्वेची राजधानी. युरोपच्या अगदी वरच्या टोकाला असलेला हा देश. तिथे हिवाळ्यात तळी गोठून दगडासारखी होतात आणि पोरं चालायला लागली की बर्फावर घसरायलाही शिकतात.

गटाच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा बायकांनी विचारलं, बर्फावर शर्यत कशी लावतात? गारा पडल्या तर आपण अंगणात दोन पावलं नीट टाकत नाही. तर ते आधी सांगतो.

बुटाच्या तळाला सुरीसारखं लांब, धारदार पातं बसवलेलं असतं. त्या पात्यावर तोल सांभाळायचा, कंबरेत वाकायचं आणि एकेका पायाने बर्फ मागे रेटत पुढे जायचं. मैदानाचा एक फेरा ४०० मीटरचा. एका वेळी दोघीच धावतात, एक आतल्या पट्ट्यात, एक बाहेरच्या. बाहेरचीला जास्त अंतर पडू नये म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोघी जागा बदलतात. कोण पुढे गेलं याला तिथे महत्त्व नाही, घड्याळात किती सेकंद लागले ते बघायचं.

जागतिक अजिंक्यपदाला त्या काळी बायकांच्या चार शर्यती असत: ५००, १०००, ३००० आणि ५००० मीटर. चारही मिळून एकच विजेती. ती कशी ठरवायची? आपल्या गटात हिशोबाची वही सांभाळणाऱ्यांना हे लगेच कळेल. ५०० मीटरचे सेकंद आहेत तसे लिहायचे. १००० मीटरच्या सेकंदांना दोनने भागायचं, ३०००च्या सेकंदांना सहाने, ५०००च्या सेकंदांना दहाने. मग चारींची बेरीज. जिची बेरीज सगळ्यांत कमी, ती विजेती. म्हणजे नुसती वेगवान असून भागत नाही आणि नुसती दमदार असूनही नाही.

१९३७ साली हे अजिंक्यपद स्वित्झर्लंडमधल्या दावोस या डोंगरातल्या गावी झालं. लैला तेव्हा अठराचीसुद्धा झाली नव्हती. ती जिंकली. त्याच हिवाळ्यात दावोसच्या बर्फावर तिने ५०० मीटर अंतर ४६.४ सेकंदांत कापलं. तो जागतिक विक्रम पन्नासच्या दशकापर्यंत टिकला. आणि ५००० मीटर, म्हणजे साडेबारा फेरे, ९ मिनिटं २८.३ सेकंदांत. वरच्या हिशोबाने त्याचे सेकंद होतात ५६८.३, दहाने भागले की ५६.८३. म्हणजे पाच किलोमीटरभर तिने दर पाचशे मीटर सत्तावन्न सेकंदांच्या आत काढले. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, अजिंक्यपद ओस्लोलाच होतं. घरच्या गावात ती पुन्हा जिंकली.

आता खरी गोष्ट. ऑलिम्पिकचं काय?

हिवाळी ऑलिम्पिक १९२४ साली सुरू झालं. पुरुषांच्या बर्फावरच्या शर्यती पहिल्या दिवसापासून होत्या. बायकांच्या नव्हत्या. १९३२ साली अमेरिकेत लेक प्लॅसिडला बायकांच्या तीन शर्यती नुसत्या दाखवण्यापुरत्या घेतल्या, त्यांची पदकं काही मोजली नाहीत. १९३६ साली जर्मनीत तर तेवढंही झालं नाही. त्या काळी क्रीडाक्षेत्रातल्या बऱ्याच मंडळींचं म्हणणं असे की दमछाक करणारे खेळ बायकांच्या शरीराला झेपत नाहीत. मैदानावरची ८०० मीटरची धाव १९२८ साली बायकांना एकदा दिली आणि लगेच काढून घेतली, ती १९६० पर्यंत. बर्फावर नाचासारखी वळणं घेणाऱ्या बायका मात्र चालत होत्या. नॉर्वेचीच सोन्या हेनी त्यात तीन वेळा सुवर्णपदक जिंकली. तिचं कौतुक आम्हालाही आहे. पण घामाघूम होऊन धावणारी बाई नको, हे कुणी ठरवलं?

सोळा वर्षांच्या लैलाने काय केलं? तिच्या खेळात बायकांना जागा नाही म्हटल्यावर ती दुसऱ्याच खेळात शिरली. पायाला लांब फळ्या बांधून डोंगरावरून बर्फातून खाली यायचं, ते स्कीइंग. हा उताराचा प्रकार १९३६ साली ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आला होता. दोन भाग होते: सरळ वेगाने उतरायचं, आणि दुसऱ्या दिवशी रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायचं. सरळ उतरण्यात लैला सगळ्यांत पहिली आली. जर्मनीची नावाजलेली क्रिस्टल क्रान्त्झ त्या दिवशी पडली होती. पण वेगळं पदक नव्हतं, दोन्ही भाग मिळून एकच. वळणांच्या भागात लैला पाचवी आली आणि क्रान्त्झने तिथे सगळं भरून काढलं. सुवर्ण क्रान्त्झला, रौप्य जर्मनीच्याच केटे ग्रासेगरला, कांस्य लैलाला. उताराच्या स्कीइंगमधलं नॉर्वेचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. नॉर्वेच्या पुरुषांना त्या वर्षी यात एकही मिळालं नाही. आम्हाला हे वाचताना हसू आलं. जो खेळ येतो त्यात घेत नाहीत, म्हणून दुसरीकडे गेली आणि तिथून पदक घेऊन आली!

पुढे एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत घुसलं. खेळांचा कारभार नाझींच्या हाती गेला, तेव्हा नॉर्वेच्या खेळाडूंनी स्पर्धांवर बहिष्कार घातला. तो १९४५ पर्यंत चालला. लैलाची एकवीस ते सव्वीस ही वर्षं त्यात गेली. १९४८ साली सेंट मॉरिट्झच्या ऑलिम्पिकला ती गेली ती पुन्हा स्कीइंगसाठीच. टेनिस आणि हँडबॉलही ती उत्तम खेळायची. स्वस्थ बसणारी बाई नव्हतीच ती.

१९५२ साली ऑलिम्पिक चक्क ओस्लोला आलं. यालमार आंदर्सेनने तिथे बर्फावरच्या शर्यतींत तीन सुवर्णपदकं घेतली, सारं गाव लोटलं होतं. बायकांची शर्यत तेव्हाही नव्हती. पुढे तर १९५६ पासून बायकांच्या जागतिक अजिंक्यपदातूनही ५००० मीटर काढून टाकली. जे अंतर लैला वीस वर्षांपूर्वी कापून बसली होती, ते बायकांना जड म्हणे.

ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या शर्यती आल्या १९६० साली, त्याही ३००० मीटरपर्यंतच. लैला तेव्हा चाळिशीत होती. नॉर्वेच्या बाईला या खेळात पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं १९८० साली, ब्यर्ग एव्हा येन्सेनला, ३००० मीटरमध्ये. ५००० मीटर आली ती थेट १९८८ मध्ये, कॅनडात कॅलगरीला. नेदरलँड्सची इव्हॉन व्हान खेनिप ७ मिनिटं १४.१३ सेकंदांत जिंकली. तिच्यासाठी छताखालचा, यंत्राने गोठवलेला बर्फ होता. लैलाने डोंगरावरच्या उघड्या वाऱ्यात ९ मिनिटं २८ सेकंद नोंदवून तेव्हा एक्कावन्न वर्षं झाली होती. ती अडुसष्ट वर्षांची होती. जुलै १९९८ मध्ये ती वारली.

गटातल्या एका आजींनी हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मग आता तरी सगळं सारखं झालं का?" नाही झालं, आजी. पुरुषांची १०,००० मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९२४ पासून आहे. बायकांची अजून आलेली नाही.